मुंगी, पाल आणि खुडूक कोंबडी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की, बालवाडीच्या वयातल्या मुलांना प्राण्यांची पुस्तकं दाखवता तशा दाराबाहेरच्या मुंग्या, कावळे, कुत्रीही दाखवा. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळची सगळी जागा मी त्यांनाच दिली आहे. मी बालवाडीत शिकवलं ते आधी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आणि मग पुण्यात. तिथे मुलांबरोबर बसून जे पाहिलं, त्याच्या भरवशावर ही उत्तरं देते आहे. पत्रं थोडी आटोपती घेतली आहेत.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. कार्डांवरून त्याला जिराफ, झेब्रा, कांगारू, पाणघोडा सगळे ओळखता येतात. पाहुणे आले की आम्ही कौतुकाने विचारतो. पण परवा गॅलरीत मुंग्यांची रांग दिसली तर किंचाळत आत पळाला. आता पुढे त्याला काय शिकवावं?
– एक आई, डोंबिवली

तुमच्या मुलाची स्मरणशक्ती छान आहे, तिचं कौतुक जरूर करा. पण कार्डावर जिराफ आणि मुंगी एकाच मापाचे असतात. दोघंही हलत नाहीत आणि आपण काहीही केलं तरी दोघांना त्याचं काही नसतं. खरी मुंगी मात्र भराभर चालते, पायावर चढते, चावतेही. तिची त्याला अजिबात सवय नाही, म्हणून तो पळाला. पुढचा धडा तीच मुंगी आहे.

उद्या सकाळी चिमूटभर गूळ घ्या. पाण्याचा थेंब घालून तो गॅलरीच्या कोपऱ्यात, काळ्या मुंग्या जिथून जातात तिथून हातभर अंतरावर ठेवा. लाल मुंग्या चावतात, त्या नकोत. मुलाला मांडीवर घेऊन जमिनीवर बसा. उभ्याने दाखवू नका, उभ्याने मुंगी दिसत नाही, नुसता काळा ठिपका दिसतो. आधी एखादीच चुकार मुंगी येईल, गूळ चाखेल आणि परत फिरेल. थोड्या वेळाने तिच्या वाटेने आणखी येतील. पोट जमिनीला लागेल अशी चालत ती वासाची वाट आखत गेलेली असते आणि बाकीच्या तो वास घेत येतात. रांग नीट लागली की तुमचं बोट ओलं करून रांगेवर आडवं फिरवा, जमीन तिथे पुसून घ्या. मग बघा. पुसलेल्या जागेशी आलेली मुंगी थबकते. मिशा हलवते, मागे वळते, कडेकडेने चाचपडते. दोन्ही बाजूंना गर्दी होते. मग एखादी धीर करून पलीकडे जाते, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता रांग पुन्हा जुळते. हे बघताना बालवाडीतली सगळ्यात चुळबुळी मुलंही गप्प बसलेली मी पाहिली आहेत. मधेच एखादं ओरडतं, "गेली! गेली!"

समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या मिशांना मिशा लावतात, तेही दाखवा. कधी कधी तोंडाला तोंड लावून एक दुसरीला आपल्या पोटातला खाऊ देते. मुंगीच्या पोटात असा वाटून खायचा खाऊ ठेवायला वेगळा कप्पा असतो. पावसाआधी मुंग्या तोंडात पांढरं काहीतरी धरून लगबगीने निघालेल्या दिसतात, त्याला आपण अंडी म्हणतो. त्यातली बरीचशी खरं तर त्यांची पिल्लं असतात, अळीच्या किंवा कोषाच्या रूपातली.

एक पथ्य पाळा. त्या अर्ध्या तासात "पाय किती? रंग कोणता?" असं विचारू नका. त्याने विचारलं तरच सांगा. "ती कुठे चालली असेल?" एवढा एक प्रश्न पुरे. भिंग असेल तर द्या, पण उन्हात नको, भिंगाच्या उन्हाने मुंगी भाजते.

आणि पाहुण्यांसमोरची ती परीक्षा बंद करा. त्यापेक्षा पाहुण्यांनाच गॅलरीत न्या आणि काय पाहिलं ते त्याला सांगू द्या.

मुलगी पाच वर्षांची. पालीला इतकी घाबरते की रात्री एकटी मोरीत जात नाही. सासूबाई म्हणतात पाल विषारी असते, अंगावर पडली तर अंघोळ करावी लागते. मी काय सांगू?
– एक वाचक, नाशिक

आपल्या घरातली पाल विषारी नसते. दुधात, भाजीत पाल पडली तर ते टाकून द्यायचं हे खरं आहे, पण त्याचं कारण तिच्या अंगावरचे आणि विष्ठेतले जंतू. सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही. अंगावर पाल पडल्यावर अंघोळ केली तर बिघडत काहीच नाही. फक्त मुलीसमोर "ई, पाल!" म्हणून कुणी ओरडायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळा, तुम्हीसुद्धा. मुलं भीती शिकतात ती आपल्या चेहऱ्यावरून.

मग पालीला काचेपलीकडून भेटवा. रात्री दिवा लागला की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल येते आणि आपल्याला तिचं पोट दिसतं. मधे काच असल्याने मुलगी जवळ जायला तयार होईल. पायाची बोटं दाखवा, खाली आडव्या पट्ट्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात, त्यांच्या जोरावर पाल काचेवरही घसरत नाही. मादी असेल आणि दिवस भरत आले असतील तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी चक्क दिसतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका मुलाने हाताला धरून दाखवलं म्हणून. पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. हे ऐकून मुलं आपली जीभ डोळ्यापर्यंत पोचते का ते बघतात, बघू द्या.

चुकचुकणं म्हणजे पालींचं एकमेकींशी बोलणं. शेपूट तुटून वळवळते ती शत्रूचं लक्ष तिकडे जावं म्हणून, आणि पाल तेवढ्यात निसटते. नवी शेपूट येते, पण ती जुन्यासारखी दिसत नाही, रंगावरून आणि ठेवणीवरून ओळखू येते. तुमच्या घरातली कोणती पाल असल्या संकटातून गेली आहे ते मुलीला शोधायला सांगा. मोरीची भीती आठवड्यात जाणार नाही. तोवर तिच्याबरोबर जा आणि "भित्री" म्हणू नका.

नातवाला पोपट हवा आहे. आमच्या लहानपणी वाड्यात पिंजऱ्यात होता, "विठू विठू" बोलायचा. मुलाला पक्ष्यांची आवड लागेल म्हणून आणावा म्हणतो.
– एक आजोबा, कोल्हापूर

आणू नका, आजोबा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. बाजारात चोरून विकली जाणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, आणि त्यातली किती वाटेतच मरतात ते विकणारा सांगत नाही. पिंजऱ्यातला पोपट नातवाला पोपटाचं खरं जगणं दाखवणारही नाही. पोपट थव्याने राहतात, ओरडत उडतात, पायात फळ धरून खातात.

कोल्हापुरात संध्याकाळी मोठ्या झाडांवर पोपट मुक्कामाला येतात. नातवाला घेऊन तिथे जा. घरी गच्चीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, रोज धुऊन बदला आणि ते काम नातवाकडे द्या. चिमण्या येतील. गळ्याखाली काळा डाग असलेला तो चिमणा, साधी तपकिरी ती चिमणी. कावळ्यांत मान राखाडी असलेला एक आणि सगळा काळा एक, असे दोन वेगळे कावळे त्याला ओळखता येऊ द्या. कबुतरांना मात्र दाणे टाकू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन छातीचे विकार होतात, आणि घरात तुमच्या वयाची माणसं आहेत. वाड्यातल्या पोपटाच्या आठवणी नातवाला सांगा, त्याला त्या हव्याच असतील.

मी अंगणवाडी सेविका आहे. तक्ते जुने झालेत, साहित्य नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांसारखं प्राणिसंग्रहालय आमच्या मुलांना कुठलं? काही करता येईल का?
– सोलापूर जिल्हा

ताई, तुमच्या पत्राची मला सगळ्यात जास्त वाट होती. अंगणवाडीच्या आवारात किंवा शेजारी कुणाच्या परसात कढीलिंबाचं किंवा लिंबाचं झाड असेलच. त्याच्या कोवळ्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळसर गोल मणी शोधा, एकेका पानावर एकेकटे. ती फुलपाखराची अंडी. पावसाळ्यात आणि त्यानंतर ती हमखास सापडतात. अंडी दिसली नाहीत तर पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसतं का बघा, तपकिरी-पांढरं, ओलसर. काडीने हळूच हलवा. हललं तर ती अळी आहे. शीट कुणी खात नाही, म्हणून ती पक्ष्यांपासून वाचते.

फांदीसकट ती अळी आत आणा. फांदी पाण्याच्या लहान बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. वरून टोपली पालथी घाला किंवा जुनी ओढणी बांधा. रोज ताजा पाला द्यायचा, आणि तो औषध न फवारलेल्या झाडाचाच हवा. खाली काळसर गोळ्या पडतील. "बाई, हिने शी केली!" हे शास्त्राचं पहिलं निरीक्षण आहे, त्याला दाद द्या. पाला घालायची आणि गोळ्या झाडायची पाळी मुलांत वाटून द्या.

दोन-तीन आठवड्यांत अळी कात टाकत वाढते आणि एक दिवस एकदम हिरवीगार होते. त्या वेळी तिला काडीने जरासं टोचलं की डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर काढते आणि आंबट उग्र वास सोडते. हे एकदाच दाखवा, मुलांना पुन्हा पुन्हा करू देऊ नका, तिला त्रास होतो. मग एके दिवशी ती खाणं सोडते, सैरावैरा फिरते आणि काडीवर स्थिरावते. शेपटीकडचं टोक रेशमाने चिकटवते आणि कमरेला रेशमाचा एक धागा बांधून घेते, नारळाच्या झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधतो तसा. दुसऱ्या दिवशी पाहावं तर अळी नाही, कोष. हिरव्या पाल्यात असेल तर बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर असेल तर तपकिरी.

आता दहा-बारा दिवस काहीच घडत नाही. मुलं विसरतील, विसरू द्या, पण रोज एकाने जाऊन बघायचं. कोष काळपट झाला आणि आतली पंखांची नक्षी दिसू लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर अंगणवाडी उघडा. फुलपाखरू बहुतेक सकाळीच बाहेर येतं. पंख चुरगळलेले, ओले असतात, ते लोंबकळत राहून हळूहळू भरतात. या वेळात कुणीही हात लावायचा नाही, पंख वाकडा राहिला तर ते कायमचं उडू शकत नाही. काळं-पिवळसर ठिपक्यांचं बिनशेपटीचं निघालं तर ते लिंबावरचं फुलपाखरू. काळ्या पंखांना शेपटी आणि पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असेल तर तो मॉर्मन. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखरू केलं तो ब्लू मॉर्मन याच घराण्यातला. त्याच्याही अळ्या लिंबाच्या जातीची पानं खातात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही गोंधळून जाणार नाही. कधी कधी कोषातून फुलपाखरू येतच नाही. कोषाला बारीकसं भोक पडतं आणि त्यातून गांधीलमाशीच्या जातीचे इवले इवले किडे बाहेर पडतात. त्यांच्या आईने कोषात अंडी घातलेली असतात आणि ते आतूनच तो खाऊन वाढतात. माझ्या वर्गात असं झालं तेव्हा एक मुलगी ढसाढसा रडली आणि दुसरीने विचारलं, "मग हे कुणाची बाळं?" मी दोघींना खरं तेच सांगितलं. फुलपाखरू मेलं, आणि या किड्यांना हेच खायला लागतं. "झोपलं" किंवा "उडून गेलं" असं सांगू नका. या वयाच्या मुलांना झोपलेलं जागं होईल असं वाटतं आणि ती वाट बघत बसतात.

केसाळ सुरवंटाला मात्र हात लावायचा नाही, अंगाला खाज सुटते, गांधी उठतात. हे पहिल्या दिवशीच बजावा. तक्ते फाटले तर फाटू द्या, ताई. हा पाळणा हलत असताना तक्त्यांकडे कुणी बघणार नाही.

चार वर्षांच्या मुलाने जेवताना विचारलं, "चिकन म्हणजे आजीकडची कोंबडी का?" मी विषय बदलला. तेव्हापासून तो परत परत विचारतो.
– एक आई, पनवेल

"हो" म्हणा. तो परत परत विचारतो, कारण तुम्ही काहीतरी लपवलंत हे त्याच्या लक्षात आलं आहे. "आपण कोंबडी खातो, काही लोक खात नाहीत. आजी कोंबड्यांना सांभाळते आणि मग त्यातली एखादी आपण खातो." एवढं पुरे. कापण्याचं वर्णन नको, आणि गावाला गेल्यावर ते दाखवण्याचा आग्रहही नको. काही दिवस त्याने चिकन नको म्हटलं तर डाळ-भात, अंडं द्या आणि त्यावर बोलू नका. कुणी त्याला हसायचं नाही. ही त्याची माया आहे.

सुट्टीत आजीकडे जाल तेव्हा एखादी कोंबडी खुडूक बसली आहे का विचारा. आजीला आठ-दहा अंडी ठेवून ती बसवायला सांगा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. कोंबडी चोचीने अंडी उलटी-पालटी करते, दिवसातून एकदाच घाईने उठून दाणापाणी करून येते, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. रात्री अंधारात टॉर्चच्या तोंडावर अंडं धरलं की आतल्या लाल रेषा दिसतात, आजीला ते तंत्र ठाऊक असेल. सुट्टी संपली तर पिल्लं निघाल्याची बातमी आजीने त्यालाच फोनवर द्यावी.

सोसायटीतली मोठी मुलं कुत्र्यांना दगड मारतात, आमचा पाच वर्षांचा मुलगाही शिकला. मला एकीकडे ते चुकीचं वाटतं, दुसरीकडे कुत्री चावतील ही भीती.
– एक बाबा, नागपूर

दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे. दगड मारलेलं कुत्रं लहान मुलाला जास्त चावतं. मुलाला कुत्र्याची भाषा शिकवा. शेपूट पायात घातली म्हणजे ते घाबरलंय. कान मागे, अंग ताठ, दात दाखवून गुरगुर म्हणजे "मागे हो". खाताना, झोपलेलं असताना आणि पिल्लांजवळ असताना कुठल्याही कुत्र्याजवळ जायचं नाही, ते ओळखीचं असलं तरी. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. हा खेळ घरात खेळून घ्या, बाबांनी कुत्रं व्हायचं.

चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तर ताबडतोब घरी सांगायचं, आणि सांगितल्यावर कुणी रागावणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक हवं. मुलं माराच्या भीतीने ओरखडा लपवतात आणि रेबीज एकदा उलटला की त्यावर इलाज नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, सरकारी रुग्णालयात ती मिळते, आणि सगळे डोस पुरे करा.

मोठ्या मुलांना गोळा करून हेच सांगायला सोसायटीत कुणी तयार आहे का बघा. नसेल तर तुम्हीच सांगा.

मुलीला राणीच्या बागेत पेंग्विन बघायचे आहेत. ती विचारते, मुंबईत बर्फ नाही मग ते कसे राहतात?
– एक आई, ठाणे

तिचा प्रश्न अचूक आहे. २०१६ साली तिथे आलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीचा समुद्रकिनारा. तिथे बर्फ नसतो, पण समुद्राचा थंड प्रवाह वाहतो, म्हणून मुंबईत त्यांच्यासाठी हवा आणि पाणी गार ठेवावं लागतं. चोचीच्या मुळाशी गुलाबी उघडी कातडी दिसते, अंगातली उष्णता ते तिथून बाहेर टाकतात. छातीवरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. मुलीला एकच पेंग्विन निवडायला सांगा आणि तो पाण्यात गेला, वर आला तरी ठिपक्यांवरून पुन्हा सापडतो का ते बघा. त्या दिवशी सगळी बाग फिरायचा हट्ट धरू नका, पेंग्विन आणि आणखी एखादा प्राणी पुरे, लहान पाय दमतात. बुधवारी बाग बंद असते.